दहा मिनिटांतला गार्ड आणि अडीच तासांतला गार्ड

या सेवेचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि त्यांच्या ग्राहकसेवेशी तिसऱ्यांदा बोलायची माझी तयारी नाही. एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, जुने सामने अथपासून इतिपर्यंत दाखवणारी वर्गणीची सेवा, एवढं पुरे. वर्षभर वापरली. पाचपैकी साडेतीन तारे देते. दीड तारा कुठे गेला ते येईलच, पण आधी ती घेतली कशासाठी ते सांगते.

माझा भाचा सोळा वर्षांचा आहे, शाळेच्या संघात पॉइंट गार्ड खेळतो, म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ मांडणारा. मीही कॉलेजात चार वर्षं तेच खेळले, पाच फूट दोन इंच उंचीवर. म्हणजे चेंडू माझ्या हातात असला की मी राणी, आणि समोरच्यांच्या हातात गेला की मी आमच्या भिंतीतलं भगदाड. भाच्याला यातला पहिला अर्धाच ठाऊक होता. त्याचं म्हणणं सरळ होतं: संघात एक जबरदस्त गार्ड असला की बाकीचे चार कोणीही चालतात. मी म्हटलं, तसं असतं तर इतक्या जबरदस्त गार्डांच्या हाती विजेतेपदाच्या अंगठ्या का नाहीत? स्टीव्ह नॅश 2005 आणि 2006 असा लागोपाठ दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि तो एकही फायनल खेळला नाही. तर म्हणाला, "मावशी, तू क्लिप तरी बघितल्यास का?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की या मुलाने जन्मात एक सामना पूर्ण पाहिलेला नाही. त्याच दिवशी वर्गणी भरली.

सामना बघायचे इथे तीन रस्ते आहेत. एक, पूर्ण सामना, टाइमआउट वगळून किंवा त्यासकट. दोन, त्याच सामन्याची दहा मिनिटांची आवृत्ती. तीन, एखाद्या खेळाडूचं नाव टाकून फक्त त्याच्या बास्केट. भाच्याचा जीव तिसऱ्यावर. आम्ही नियम केला: आधी त्याने दहा मिनिटांची आवृत्ती बघायची, सामना कशामुळे जिंकला किंवा हरला ते कागदावर एका ओळीत लिहायचं, मग दोघांनी मिळून पूर्ण सामना बघायचा. रविवारी एक सामना. या सेवेची खरी परीक्षा त्या कागदांवर झाली.

पहिला सामना त्याने निवडला. 2001 ची फायनल (ती एका सामन्याची नसते, चार सामने आधी जिंकेल त्याची असते), पहिला सामना, फिलाडेल्फिया विरुद्ध लेकर्स. लेकर्स त्या वर्षी प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, तोवर एकही सामना हरले नव्हते. सहा फुटांच्या ॲलन आयव्हरसनने 48 गुण केले, जादा वेळेत टायरन लूच्या समोर बास्केट टाकली आणि खाली पडलेल्या लूला ओलांडून पुढे गेला. भाच्याचा कागद: "आयव्हरसनने एकट्याने हरवलं." दहा मिनिटांत खरंच तसंच दिसतं. पूर्ण सामन्यात दिसतं की त्या 48 गुणांसाठी त्याने 41 फटके मारले, म्हणजे 23 चुकले. आणि इतके चुकूनही संघ टिकतो, कारण बाकीचे चौघं फक्त राबायला घेतलेले आहेत. प्रशिक्षक लॅरी ब्राऊनने त्याला पॉइंट गार्डच्या जागेवरून आधीच हलवलं होतं. चेंडू वर आणायचं काम एरिक स्नोकडे. मागे डिकेंबे मुटोंबो, जो त्याच मोसमात अर्ध्या वाटेवर संघात आला आणि वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. ॲरन मॅकी बेंचवरून येणाऱ्यांत सर्वोत्तम, ब्राऊन सर्वोत्तम प्रशिक्षक, आयव्हरसन सर्वोत्तम खेळाडू. एका वर्षी एका संघाला चार पुरस्कार. भाचा म्हणत होता ते "बाकीचे कोणीही" हे असे होते. पुढचे चारही सामने फिलाडेल्फिया हरलं.

दुसरा सामना मी निवडला, आणि निवडताना माझ्या मनात थोडा दुष्टपणा होता. 2016 ची फायनल, सातवा सामना. स्टीफन करी भाच्याचं दैवत. त्या मोसमात त्याच्या गोल्डन स्टेटने 73 सामने जिंकले, फक्त 9 हरले; करीने 402 थ्री, म्हणजे लांबून तीन गुणांच्या बास्केट, टाकले आणि सर्वोत्तम खेळाडूसाठी एकूण एक मत त्यालाच पडलं. सातव्या सामन्याच्या शेवटी 89-89. पावणेचार मिनिटं धावफलक हललेला नाही. मग 53 सेकंद उरले असताना क्लीव्हलँडचा कायरी अर्विंग करीच्या डोक्यावरून थ्री टाकतो. दहा मिनिटांच्या आवृत्तीत फटका आहे, उड्या आहेत, पुन्हा संथ गतीत फटका आहे. भाच्याचा कागद: "कायरीचा फटका."

पूर्ण सामन्यात मी तिथे थांबवून मागे घेतलं. फटक्याच्या आधी काय होतं? करी ज्याच्यावर पहारा देत होता, त्या खेळाडूला क्लीव्हलँड मुद्दाम बोलावून घेतं, त्याच्याकडून अर्विंगच्या पहारेकऱ्याला स्क्रीन लावून घेतं, म्हणजे त्याची वाट अंगाने अडवायला लावतं, आणि अदलाबदलीत अर्विंगसमोर करी येतो. म्हणजे फटका मारायच्या आधी त्यांनी माणूस निवडला. लीगमधला सर्वोत्तम खेळाडू आहे हे बघून नव्हे. पाच जणांत अंगाने सर्वांत हलका तोच आहे हे बघून. मला हा प्रसंग बघताना अजून पोटात कालवतं, कारण माझ्या चार वर्षांत आमच्याविरुद्ध प्रत्येक संघाने हेच केलं. बाकावरून त्यांच्या बाई ओरडायच्या, "छोटीला घ्या!" छोटी म्हणजे मी. स्टार गार्डाबद्दलचा सगळा वाद माझ्या मते या एका जागी येऊन थांबतो. तो किती गुण करतो हा प्रश्न साखळी सामन्यांचा. प्लेऑफमध्ये एकाच संघाशी सातदापर्यंत गाठ पडते, तेव्हा समोरचे त्याला किती वेळा शोधून काढतात आणि त्याचे चार सोबती त्याला किती वेळा झाकू शकतात, हा प्रश्न उरतो. हे बघायला सेवेत रिवाइंडचं बटण उत्तम आहे, दहा-दहा सेकंदांनी मागे जातं, अडखळत नाही. त्यासाठी पूर्ण एक तारा.

आता तक्रारी, कारण पुढचा सामना त्यांच्यामुळेच लक्षात राहिला.

मला दाखवायचा होता डेट्रॉइटचा आयझाया थॉमस. सहा फूट एक इंच. शोधायला नाव टाकलं तर आधी आला तो दुसरा, बोस्टनचा, पाच फूट नऊ इंचांचा. इंग्रजीत दोघांच्या नावात एका अक्षराचा फरक, पण या सेवेच्या शोधाला तो फरक कळत नाही. मी बरोबर लिहिलं तरी धाकटाच पुढे. वैतागून तोच बघितला, आणि वेळ वाया गेला असं म्हणणार नाही. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, अगदी शेवटी, साठाव्या क्रमांकावर घेतलेला हा माणूस 2016-17 मध्ये सामन्यामागे 28.9 गुण करत होता आणि बोस्टन लीगच्या पूर्व गटात पहिल्या क्रमांकावर होतं. क्लीव्हलँडविरुद्ध कंबरेच्या सांध्याच्या दुखापतीने तो बाहेर बसला आणि त्यानंतरचा पहिलाच सामना बोस्टनने त्याच्याशिवाय, क्लीव्हलँडमध्ये जाऊन जिंकला. मालिका 4-1 हरलेच. पण तो एक सामना बघून भाचा पहिल्यांदा गप्प बसला. त्या उन्हाळ्यात बोस्टनने त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. हा धंदा निर्दय आहे.

मग थोरला आयझाया. 1988 ची फायनल, सहावा सामना. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याचा घोटा मुरगळतो, तो बाहेर जातो, लंगडत परत येतो आणि त्या एका क्वार्टरमध्ये 25 गुण करतो. फायनलमधल्या एका क्वार्टरचा विक्रम. आणि नेमक्या त्याच क्वार्टरमध्ये, तो खाली बसलाय अशा क्षणी, या सेवेचं चित्र गोठलं. आवाज चालू, चित्र बंद. पुढे ढकललं तर थेट चौथा क्वार्टर. ग्राहकसेवेला लिहिलं. नऊ दिवसांनी उत्तर आलं की लॉग आउट करून पुन्हा लॉग इन करून बघा. मी 1988 च्या सामन्यातली आठ मिनिटं लॉग आउट करून परत कशी आणणार? दुसऱ्यांदा लिहिल्यावर तीन आठवड्यांनी सामना नीट झाला, कळवलं मात्र नाही कुणी. एक तारा इथे गेला.

सामना वाट बघण्याच्या लायकीचा होता हे कबूल. आयझायाचे 43 गुण, आणि डेट्रॉइट 103-102 असं एका गुणाने हरलं. सातवाही हरले. भाचा म्हणाला, यात त्याचा काय दोष? काहीच नाही. तेच तर. मग मी त्याला आकडे दाखवले. 1984-85 मध्ये आयझाया सामन्यामागे 21.2 गुण आणि 13.9 असिस्ट (सोबत्याला बास्केट करून देणारे पास) करत होता, विजेतेपद नाही. 1988-89 मध्ये 18.2 गुण, 8.3 असिस्ट, विजेतेपद, फायनलमध्ये लेकर्सना 4-0. मधल्या काळात तो खेळायला विसरला नव्हता. शेजारी जो ड्युमार्स होता, जो समोरच्या तगड्या गार्डाला अंगावर घ्यायचा आणि 1989 च्या फायनलचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. मागे बिल लेमबियर, रिक महॉर्न, डेनिस रॉडमन. बेंचवरून विनी जॉन्सन, जो 1990 च्या शेवटच्या सामन्यात 0.7 सेकंद उरले असताना जिंकून देणारा फटका मारतो. हा फटका आयझायाने मारला नाही, मारू दिला. सगळ्या वर्षात जर एकच सामना बघणार असाल तर 1990 चा हा पाचवा सामना बघा. चित्र चौकोनी आहे, रंग उडालेले आहेत, पण आयझाया चेंडू सोडल्यावर काय करतो ते स्पष्ट दिसतं.

ह्यूस्टनच्या स्टार गार्डावर, जेम्स हार्डनवर, फार वेळ घालवणार नाही. 2018, पश्चिम गटाची फायनल, सातवा सामना, गोल्डन स्टेटविरुद्ध. ह्यूस्टन मध्यंतराला 11 गुणांनी पुढे, त्यांचा दुसरा गार्ड क्रिस पॉल स्नायू दुखावून बाहेर. ह्यूस्टनने लागोपाठ 27 थ्री चुकवले. दहा मिनिटांच्या आवृत्तीत हे 27 फटके दिसतच नाहीत, कारण ती आवृत्ती बनते पडलेल्या बास्केटांची! भाच्याचा कागद होता, "गोल्डन स्टेट तिसऱ्या क्वार्टरमध्ये चांगलं खेळलं." पूर्ण सामना बघताना तो सोफ्यावर मागे मागे सरकत गेला. विसाव्यानंतर मोजणं थांबवलं.

एवढ्यावर कुणाला वाटेल की मी उत्तर आधीच ठरवून बसले होते. थोडं खरं आहे. पण मायकेल जॉर्डनपाशी मला माझं वाक्य बदलावं लागलं. 1986 मध्ये बोस्टनविरुद्ध त्याने प्लेऑफच्या एका सामन्यात 63 गुण केले आणि शिकागो हरलं. मालिकाही 3-0 हरले. पुढच्या वर्षी सामन्यामागे 37.1 गुण, आणि संघ 40 जिंकून 42 हरला. इथवर माझी बाजू. 1991 च्या फायनलचा पाचवा सामना लावला, लेकर्सविरुद्ध. जॉर्डन 30 गुण, 10 असिस्ट. शेवटच्या मिनिटांत सगळा बचाव त्याच्याभोवती गोळा होतो आणि तो चेंडू जॉन पॅक्सनला देतो, पुन्हा देतो, परत देतो. पॅक्सन 20 गुण करतो. भाचा विचारतो, "हा कोण?" मी म्हटलं, हाही गार्डच. पण तो म्हणाला ते महत्त्वाचं: "मावशी, जॉर्डन सहा फूट सहा आहे. त्याला कोण शोधून काढणार?" बरोबर आहे. मॅजिक जॉन्सन सहा फूट नऊ, 1980 च्या फायनलच्या सहाव्या सामन्यात तो सेंटरच्या, म्हणजे संघातल्या सर्वांत उंच माणसाच्या, जागी उभा राहिला आणि 42 गुण करून गेला. याला गार्ड म्हणायचं ते केवळ चेंडू तो आणतो म्हणून. तेव्हा माझा वाद स्टार गार्डाशी नव्हता, बुटक्या स्टार गार्डाशी होता. स्वतःशीच होता म्हणा.

म्हणून करीकडे परत गेलो. 2022, फायनल, चौथा सामना, बोस्टनमध्ये, बोस्टन 2-1 ने पुढे. करी चौतीस वर्षांचा. 43 गुण आणि 10 रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू. या सामन्यात दहा मिनिटांची आवृत्ती फारशी खोटं बोलत नाही, थ्री खरंच एकामागून एक पडतात. पण तिच्यात हे नाही: बोस्टन त्यालाही स्क्रीन लावून शोधतंच आहे, फक्त सहा वर्षांत तो खांद्याने भरला आहे, पाय हलवतो, समोरच्याला अवघड फटका घ्यायला लावतो. ॲन्ड्र्यू विगिन्स मागून येऊन 16 रिबाउंड काढतो. आणि चेंडू हातात नसताना करी जे पळतो! दोघं त्याच्यामागे जातात, ड्रेमंड ग्रीनला मोकळ्यात चेंडू मिळतो आणि उरलेल्या तिघांविरुद्ध चौघं खेळतात. त्या बास्केटवर करीचं नाव लागत नाही, असिस्टही नाही. खेळाडूचं नाव टाकून बघायच्या तिसऱ्या रस्त्यावर हे कधीच सापडणार नाही. तो विभाग सेवेने काढून टाकला तरी माझी हरकत नसेल; अर्धा तारा त्याच्यापायी गेला. भाच्याचा कागद त्या दिवशी कोराच राहिला. म्हणाला, पूर्ण बघून लिहितो.

अलीकडच्या सामन्यांत न्यूयॉर्कचा जेलन ब्रन्सन बघितला, सहा फूट दोन. 2025 ची पूर्वेची फायनल, इंडियानाविरुद्ध पहिला सामना. त्याचे 43 गुण. पण शेवटच्या क्वार्टरमध्ये पाचवा फाउल झाल्यावर तो बाकावर बसतो आणि न्यूयॉर्कची आघाडी तेव्हाच फुगते. मग तो परत येतो, 2 मिनिटं 51 सेकंद उरले असताना 14 गुणांची आघाडी असते, ती वितळते, टायरीस हॅलिबर्टनचा चेंडू रिंगवर आदळून उंच उडतो आणि आत पडतो. जादा वेळेत इंडियाना 138-135. भाच्याचं म्हणणं, मग ब्रन्सन नेता नाही? मी त्याला 2024 चा करार सांगितला. वर्षभर थांबला असता तर सुमारे 269 दशलक्ष डॉलरचा करार मिळाला असता. त्याने आधीच 156.5 दशलक्षावर सही केली. संघाच्या पगारांवर मर्यादा असते, स्टारने कमी घेतलं की तेवढी जागा दुसऱ्यांसाठी उरते. जवळचे अकरा-बाराशे लाख डॉलर सोडणं म्हणजे, माझ्या हिशोबात, जगातला सर्वांत महागडा असिस्ट. भाच्याला हा मुद्दा पटला नाही. सोळाव्या वर्षी मलाही पटला नसता.

2025 च्याच फायनलचा सातवा सामना त्याने माझ्यावर बाण म्हणून सोडला. ओक्लाहोमा सिटीचा शे गिल्जस-अलेक्झांडर: त्या मोसमात सर्वाधिक गुण, सर्वोत्तम खेळाडू आणि फायनलचा सर्वोत्तम, तिन्ही एकटाच. "बघ मावशी, गार्ड." बघितलं. 29 गुण, 12 असिस्ट. हॅलिबर्टन पहिल्याच क्वार्टरमध्ये टाचेची शीर तुटून पडला, तरी मध्यंतराला इंडियाना एका गुणाने पुढे होतं, आणि तो वेळ मला जास्त आवडला. शेवटी 103-91. शे बाहेर श्वास घेत असताना लू डॉर्ट आणि ॲलेक्स करूसो कुणाकुणाच्या अंगावर जातात ते मी थांबवून दाखवत होते, भाचा पुढे ढकलत होता. हा एक वाद अनिर्णित.

उरलेला दोष एकच, पण रोजचा: सामन्याच्या छोट्या चित्रावर अंतिम गुणसंख्या छापलेली असते, आणि ती लपवायची सोय सेटिंगमध्ये नाही. जुने निकाल मला पाठ आहेत. त्याला माहीत नसतात, आणि माहीत नसण्यातच मजा. आम्ही शेवटी स्क्रीनच्या खालच्या भागावर कागदाची पट्टी चिकटवली. वर्षभर तीच पट्टी आहे, कडा काळ्या पडल्यात.

फक्त बास्केट बघायच्या असतील तर ही वर्गणी भरू नका, त्या फुकट दिसतात. ज्याच्या घरी खेळणारं पोर आहे आणि रविवारचे अडीच तास आहेत, त्याने भरावी. मी दुसऱ्या वर्षाचे पैसे भरले आहेत.

येत्या रविवारी 2004 ची फायनल आहे, डेट्रॉइट विरुद्ध लेकर्स. डेट्रॉइटकडे चॉन्सी बिलप्स, सहा फूट तीन, फार कुणाच्या भिंतीवर ज्याचं पोस्टर नव्हतं असा गार्ड. लेकर्सकडे शकील ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन, गॅरी पेटन. पट्टी चिकटवलेली आहे. भाच्याने नावं वाचून लेकर्सवर पैज लावली. हरेल त्याने महिनाभर भांडी घासायची. मी लगेच हो म्हटलं.